भिंतीवरची रात्रपाळी

मराठी भाषेने पालीला कधी प्रेमाने वागविलेले नाही. सिंहाकडे पराक्रम, हंसाकडे विवेक, मुंगीकडे उद्योग अशी गुणांची वाटणी करताना भाषेने गाढवालाही सोशिकपणा देऊन टाकला. पालीच्या वाट्याला मात्र केवळ संशय आला. मन साशंक झाले की 'शंकेची पाल चुकचुकली' असे म्हणावयाचे. घोरपड ही तिची दूरची आप्त. सिंहगडाच्या लोककथेत त्या घोरपडीला 'यशवंती' हे नाव मिळाले आणि तानाजीच्या पराक्रमाबरोबर तीही लोकांच्या मनात अमर झाली. पाल घराघरांत राहते, कडा चढावा तशी रोज रात्री भिंत चढते, आणि तिचे स्वागत होते ते केरसुणीने!

भाषेच्या पुढे एक पाऊल पंचांगाने टाकले आहे. 'पल्लीपतन' या मथळ्याखाली अंगाच्या कोणत्या भागावर पाल पडली असता कोणते फळ मिळते, याची यादीच त्यात दिलेली असते. तमिळनाडूत कांचीपुरम येथील वरदराज पेरुमाळ मंदिरात छताजवळ सोन्याचांदीने मढविलेल्या पालींच्या आकृती आहेत. त्यांना स्पर्श केला की पाल अंगावर पडल्याचा दोष जातो, अशी भाविकांची श्रद्धा आहे. श्रद्धेचा अनादर करण्याचे कारण नाही. पण छतावरून पाल का पडते, हा प्रश्न स्वतंत्र आहे आणि त्याचे उत्तर साधे आहे. ती एखाद्या किड्यावर झेप घेताना चुकते, किंवा दुसऱ्या पालीशी झुंजताना तिची पकड सुटते. खाली कोण बसले आहे, त्याची परीक्षा जवळ आली आहे की त्याच्या घरी लग्न निघाले आहे, याची तिला वार्ताही नसते.

ज्या प्राण्याचा सहवास बारा महिने घडतो, त्याच्याविषयी इतके अज्ञान आणि इतका तिरस्कार असावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. वाघ न पाहिलेला मुलगाही वाघावर चार ओळी लिहू शकतो. पण रोज पाहिलेल्या पालीच्या डोळ्याला पापणी असते की नाही, हे त्याला सांगता येत नाही.

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या रस्त्याने मोशीच्या पुढे इंद्रायणी ओलांडली, की चाकणच्या अलीकडे कुरुळी हे गाव लागते. खेड तालुक्यातील हे गाव. चाकणची प्रसिद्धी पूर्वी दोन गोष्टींसाठी होती: एक तेथील कांद्याचा बाजार आणि दुसरी 1660 साली फिरंगोजी नरसाळ्याने शाइस्तेखानाच्या सैन्याविरुद्ध झुंजविलेला संग्रामदुर्ग. आता त्या साऱ्या परिसरात कारखाने उभे राहिले आहेत. यंत्रे रात्रंदिवस चालतात, त्यामुळे माणसांच्या कामाच्याही पाळ्या झाल्या. दिवेलागणीनंतर डबा घेऊन कामगार रात्रपाळीला निघतो, त्याच सुमारास दारावरच्या दिव्यामागून एक चपटे डोके हळूच बाहेर येते. रात्रपाळी आणि पाल या शब्दांचे उच्चार जुळतात, हा केवळ योगायोग. पण इतका समर्पक योगायोग भाषेत क्वचितच सापडतो.

दिवसभर ही पाल फोटोच्या चौकटीमागे, दाराच्या फटीत किंवा कौलाखाली निश्चल पडून असते. तिचे शरीर स्वतःची उष्णता स्वतः निर्माण करीत नाही. ती उष्णता तिला भोवतालाकडून घ्यावी लागते. म्हणून दिवसभर तापलेली भिंत संध्याकाळी तिच्या कामी येते, आणि पौष-माघाच्या थंडीत ती फारशी दिसत नाही. दिवसा मळकट तपकिरी दिसणारा तिचा रंग रात्री फिकट होत जातो आणि चुना दिलेल्या भिंतीशी मिळून जातो.

तिच्या अंगातील खरे आश्चर्य तिच्या पायांत आहे. पालीची बोटे टोकाकडे पानासारखी पसरट असतात. त्या पानाच्या खालच्या बाजूस आडव्या पट्ट्या असतात, आणि आपल्या घरांतील पालींमध्ये त्या पट्ट्या मधोमध दुभागलेल्या दिसतात. पानाच्या मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना उपशिरा फुटाव्यात तशा. या लक्षणावरून शास्त्रज्ञांनी तिच्या कुळाला 'हेमिडॅक्टिलस', म्हणजे 'अर्धांगुली', असे नाव दिले. काचेच्या खिडकीवर बाहेरून पाल बसली असेल, तर आतून तिचे तळवे न्याहाळावेत. असा विनाखर्चाचा धडा क्वचितच मिळतो.

सुमारे 2300 वर्षांपूर्वी अ‍ॅरिस्टॉटल या ग्रीक पंडिताने पालीच्या या कौशल्याची नोंद केली. सुतारपक्षी झाडावर कसा फिरतो हे सांगताना, तो पालीप्रमाणे डोके खाली करूनही धावू शकतो, असे त्याने लिहिले आहे. पण हे तिला साधते कसे, याचा उलगडा होण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. तिच्या पायांतून चिकट रस स्रवत असावा, असे कोणी म्हणत. पण तशा ग्रंथीच तेथे सापडल्या नाहीत. तळव्याखालची हवा शोषून ती चिकटत असावी, असे इतर म्हणत; पण निर्वात जागेतही तिची पकड सुटली नाही. 2000 साली अमेरिकेतील केलर ऑटम आणि त्यांचे सहकारी यांनी 'टोके' नावाच्या मोठ्या पालीच्या तळव्यावरील एकेक केस वेगळा करून त्याचे बळ मोजले. आसामकडच्या रानांतही ही टोके पाल आढळते. तिच्या एका पावलावर सुमारे 5 लाख सूक्ष्म केस असतात. प्रत्येक केसाला पुढे शेकडो फाटे फुटतात, आणि प्रत्येक फाट्याचे टोक एवढे बारीक असते की एका मिलिमीटरचे 5000 भाग केले तर त्यांतील एका भागाएवढी त्याची रुंदी भरते.

इतकी सूक्ष्म टोके भिंतीच्या पृष्ठभागाला भिडली की भिंतीचे रेणू आणि केसांचे रेणू एकमेकांच्या अगदी निकट येतात. असे निकट आलेले रेणू परस्परांना किंचित ओढतात. व्हान डर वाल्स या डच शास्त्रज्ञाच्या नावाने हे आकर्षण ओळखले जाते, आणि पालीची पकड याच आकर्षणावर अवलंबून आहे, असे 2002 साली त्याच संशोधकांनी दाखवून दिले. एका टोकाचे बळ नगण्य असते. पण वाखाचा एक धागा बोटाने तुटतो आणि अशा हजारो धाग्यांच्या सोलाने पाण्याने भरलेली मोट विहिरीतून वर येते, हे ज्यांनी ऐकले आहे त्यांना पालीचे गणित अवघड वाटू नये.

चिकटणे हे अर्धेच कौशल्य झाले. सुटणे हे त्याहून कठीण. पाल धावताना दर पावलाला चिकटते आणि सुटते. त्यासाठी ती बोटांची टोके वरच्या बाजूस वळवते आणि लिफाफ्यावरचे तिकीट एका कडेने सोलावे तसे पाऊल सोलून घेते. हे सारे डोळ्याचे पाते लवण्याआधी होऊन जाते. ज्या तव्याला पदार्थ चिकटत नाही, त्या तव्यावरच्या टेफ्लॉनच्या कोरड्या लेपावर मात्र पालीचेही काही चालत नाही! मानवी बुद्धीने पालीवर मिळविलेला हा एवढाच विजय म्हणावयाचा. एरवी गेली कित्येक वर्षे निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञ तिच्या पायांची नक्कल करून बिनगोंदाची चिकटपट्टी बनविण्याच्या खटपटीत आहेत.

डोळ्यांची कथा पायांच्या कथेहून कमी नवलाची नाही. घरातल्या पालीच्या डोळ्याला उघडझाप करणारी पापणी नसते. डोळ्यावर एक पारदर्शक कवच असते, आणि त्यावर धूळ बसली की ती जिभेने पुसून टाकते. तिची बाहुली दिवसा उभ्या बारीक फटीएवढी मिटलेली असते. अंधार पडला की रुंदावते. रात्रीच्या मंद उजेडात माणसाला आकार दिसतात, पण रंग कळत नाहीत. पालीच्या कुळातील एका निशाचर जातीवर स्वीडनमधील संशोधकांनी प्रयोग केले आणि 2004 साली असे दाखवून दिले, की जेथे माणसाला सारे करडे दिसते अशा अंधुक चांदण्यातही ती पाल रंग ओळखते. पालींचे पूर्वज दिवसा हिंडणारे होते आणि पुढे त्यांच्या वंशजांनी रात्र पत्करली, असे शास्त्रज्ञ मानतात. दिवसाचे डोळे घेऊन रात्रीत शिरलेल्या प्राण्याने त्या डोळ्यांनाच रात्रीचे शिक्षण दिले, असे म्हणता येईल.

कुरुळीसारख्या गावात विजेचा दिवा आला आणि पालीला जणू वाढलेले ताटच मिळाले. पूर्वी तिला भक्ष्य शोधीत हिंडावे लागे. आता भक्ष्यच दिव्याकडे येते. मृगाच्या सरी पडल्या की वाळवीच्या पंखवाल्या माश्या दिव्याभोवती पिंगा घालतात. त्या रात्री दिव्याजवळची जागा कोणी घ्यावयाची, यावरून पालींमध्ये चांगलीच जुंपते. बळकट नर जवळची जागा धरतो आणि इतरांना हाकलून लावतो. चुकचुक ऐकू येते ती पुष्कळदा अशा वेळी. बहुतेक सरडे मुके असतात. पालीच्या कुळाला मात्र आवाज आहे. हद्द सांगण्यासाठी आणि जोडीदाराला हाक मारण्यासाठी ती चुकचुकते. कोणाच्या बोलण्याला 'सत्य आहे' अशी साक्ष देण्याचे काम तिने कधी अंगावर घेतलेले नाही.

पाल डास, पतंग, झुरळे खाते. म्हणून ती उपयुक्त आहे आणि म्हणून तिला मारू नये, असा उपदेश पुष्कळदा केला जातो. तो खोटा नाही, पण तोकडा आहे. पाल कोळीही खाते, आणि कोळी तर स्वतःच किडे पकडीत असतो. मग या व्यवहारात नफा किती आणि तोटा किती, याचा हिशेब कोण मांडणार? शिवाय उपयोगावरच जगण्याचा हक्क ठरवावयाचा, तर ज्या दिवशी घरात डास नसतील त्या दिवशी केरसुणी उचलण्यास मोकळीक मिळाली, असा त्याचा अर्थ होतो. कोणाला शेजारी राहू द्यावयाचे ते त्याच्याकडून काही मिळते म्हणून, हा विचार माणसांच्या बाबतीत जितका कोता, तितकाच तो पालीच्या बाबतीत आहे.

मुलांच्या एका खेळाविषयी येथे स्पष्ट बोलले पाहिजे. काठीने टोचून पालीची शेपटी तोडावयाची आणि तुटलेल्या शेपटीची वळवळ पाहून हसावयाचे, हा तो खेळ. शेपटी तुटते हे खरे; पण ती माणसाच्या करमणुकीसाठी नव्हे. शेपटीच्या मणक्यांत मुळातच तुटण्याच्या जागा असतात. मांजराने झडप घातली की पाल त्या जागी शेपटी सोडून देते. वळवळणाऱ्या तुकड्याकडे मांजराचे लक्ष गुंतते आणि पाल निसटते. जिवावरचे शेपटीवर निभावते. पण त्याची किंमत तिला मोजावी लागते. शेपटीत तिने चरबी साठविलेली असते. थंडीच्या आणि उपासाच्या दिवसांची ती तिची शिदोरी. शेपटी पुन्हा फुटते. परंतु नव्या शेपटीत मणके नसतात, त्यांच्या जागी एक कूर्चेची कांडी असते. ती शेपटी वाढविण्यासाठी पोटाला मिळालेले अन्न खर्ची पडते. म्हणजे खेळ एका क्षणाचा, आणि त्यासाठी एका मुक्या संसाराची साठवण लुटली गेली. याला खोडकरपणा म्हणणे हे त्या कृत्याला फारच सौम्य नाव देणे होय.

पाल विषारी असते, हा आक्षेप सर्वांत जुना आणि सर्वांत बळकट. भारतातील कोणत्याही पालीला विषग्रंथी नाहीत. तिच्या दातांत, कातडीत वा शेपटीत विष नसते. तरीही दुधात वा भाजीत पाल पडली आणि ते अन्न खाऊन लोक आजारी झाले, अशा बातम्या येतात. त्या साऱ्याच खोट्या असतात असे नाही. पालीच्या आतड्यात साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. ते अन्नात मिसळून वाढले तर उलट्या-जुलाब होतात. असे अन्न टाकूनच दिले पाहिजे. परंतु हाच दोष माशीकडे आहे आणि उंदराकडेही आहे. त्यावरचा इलाज भांड्यावर झाकण ठेवणे हा होय. झाकण ठेवण्याचा आळस माणसाने करावयाचा आणि शिक्षा पालीने भोगावयाची, हा न्याय अजब आहे.

या गैरसमजाचा फटका पालीवरच थांबत नाही. कवड्या नावाचा एक लहान, बिनविषारी साप आहे. तो पालींच्या शोधात भिंती चढून घरात येतो. त्याच्या अंगावर आडवे पांढरे पट्टे असतात, म्हणून लोक त्याला मण्यार समजतात आणि ठेचतात. साप ओळखणे हे मुलांचे काम नव्हे. तो दिसला तर दूर व्हावे आणि जाणत्या माणसाला बोलवावे, हेच योग्य.

दिवाळीच्या आधी घरांची झाडलोट होते. फोटो उतरविले जातात, आणि त्यांच्या मागे पुष्कळदा वाटाण्याएवढी दोन पांढरी अंडी सापडतात. पालीची मादी बहुधा एका वेळी दोनच अंडी घालते. त्यांचे कवच चुनखडीसारखे कठीण असते. ती अंडी उबवीत नाही. भिंतीची ऊबच ते काम करते. दीड-दोन महिन्यांनी कवच फोडून पिल्लू बाहेर येते. त्याला भरविणारे कोणी नसते आणि चालण्यास शिकविणारेही कोणी नसते. पहिल्याच दिवसापासून ते सरळ भिंत चढते. अशी अंडी सापडली तर चौकट पुसून पुन्हा त्याच जागी हलकेच टांगण्यास कितीसा वेळ लागणार?

आतापर्यंत 'पाल' हा एकच शब्द वापरला. परंतु या एका शब्दाखाली किती तरी जाती दडलेल्या आहेत. भिंतीवरील पालींतच एक पिवळसर पोटाची आणि अंगाने मोठी, तर दुसरी बारीक आणि चुकचुकण्यात पटाईत. ही दुसरी मोठी प्रवासी आहे. जहाजांतील मालाबरोबर ती समुद्रापार गेली आणि विसाव्या शतकात पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांपर्यंत पोहोचली. तेथील दिव्यांखालून तिने आधीपासून राहणाऱ्या लहान पालींना हुसकावले. अशा पालीची काळजी करण्याचे कारण नाही. कुरुळीच्या कौलारू घराऐवजी कारखान्याची पत्र्याची भिंत उभी राहिली, तर ती तेथेही संसार थाटील.

सह्याद्रीतील कातळांवर राहणाऱ्या पालींचे तसे नाही. खेडच्या उत्तरेस आंबेगाव आणि त्यापलीकडे जुन्नर तालुका. जुन्नरजवळ नाणेघाट आहे. तेथे सातवाहनांच्या काळातील शिलालेख कोरलेला आहे आणि त्या वाटेने शतकानुशतके व्यापारी, यात्रेकरू आणि सैन्ये गेली. त्याच भागातील घाटघर येथील खडकांवर पालीची एक मोठी जात राहत होती. पण या साऱ्या वाटसरूंपैकी कोणी तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली नाही. 2008 साली मुंबईच्या 'बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी'तील वरद गिरी यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले आणि अ‍ॅरन बावर या अमेरिकन सरीसृपतज्ज्ञाच्या नावावरून तिचे नामकरण केले. त्याच वर्षी साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरील एका लहानशा पालीला 'हेमिडॅक्टिलस साताराएन्सिस' हे नाव मिळाले. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावच्या जांभ्या दगडाच्या सड्यावरील अंगावर पांढरे पट्टे असलेली पाल तर 1963 सालीच शास्त्राच्या नोंदीत आली होती.

या पाली भिंतीवरच्या पालीसारख्या कोठेही जाऊन राहू शकत नाहीत. कातळ हेच त्यांचे घर, आणि कातळावरील फटी ही त्या घराची दारे. कातळ फोडून खडी केली, जांभा कापून चिरे काढले, की त्यांना जावयास दुसरी जागा उरत नाही. वाघ कमी झाले तर देशभर चर्चा होते, आणि ती व्हावयासच हवी. पण एखाद्या पठारावरची पाल नाहीशी झाली, तर ती होती हेही कोणाला ठाऊक नसते. तिरस्काराचे खरे नुकसान हे आहे. ज्याचा तिटकारा असतो त्याच्याकडे कोणी नीट पाहत नाही, आणि ज्याच्याकडे कोणी पाहिलेले नाही त्याची नोंद कोण करणार?

कुरुळीच्या शिवारात आज जो दगडी बांध उभा आहे, तो उद्या कारखान्याच्या आवारात जाईल किंवा रस्त्याखाली सपाट होईल. गावाला काम हवे आहे, रस्ता हवा आहे. ते नाकारणे शहाणपणाचे नाही. परंतु बांध हलण्यापूर्वी तेथे कोण राहत होते, एवढे तरी कोणी लिहून ठेवावे. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. एक वही, एक विजेरी आणि घरातील एखादे मोठे माणूस बरोबर असले की पुरे. अंधार पडल्यावर किती वाजता पहिली पाल बाहेर आली, ती भिंतीवर होती, झाडाच्या खोडावर की दगडावर, शेपटी अखंड होती की नव्याने फुटलेली, पाऊस पडलेल्या रात्री किती पाली दिसल्या आणि कोरड्या रात्री किती, हे सर्व अकरा-बारा वर्षांच्या मुलाला सहज टिपता येते. बांधातील दगड मात्र उचकटू नयेत आणि फटीत हात घालू नये. तेथे पालीच्या शेजारी विंचवाचेही बिऱ्हाड असते.